ओळी जुळल्या, नावं नाही

दारव्ह्याकडे दसरा उलटला की कापूस खरेदीचे काटे सुरू होतात. माझी पहिली नोकरी त्या पावत्यांची. रोजची सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला मजकूर) मुख्य मायएसक्यूएल डेटाबेस सर्व्हरवर 'लोड डेटा' या फाईल भरायच्या आज्ञेने चढवायची, तिथून ती रेप्लिकावर, म्हणजे मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर, जायची आणि शेतकऱ्यांच्या याद्या रेप्लिकावरून छापल्या जायच्या.

पहिल्या लोडनंतर मी दोन्हीकडे ओळी मोजल्या. सारख्या निघाल्या. काम झालं असं कळवून टाकलं. दोन दिवसांनी एक काका पावती घेऊन आले. यादीत वजन बरोबर, तारीख बरोबर, पण 'राठोड'च्या जागी पाच प्रश्नचिन्हं: र, काना, ठ, ओची मात्रा, ड. "बापू, माह्यं नाव कुठी गेलं?" त्यांना काय सांगावं तेच मला सुचेना.

रेप्लिकावरचं टेबल जुनं होतं, लॅटिन१चं, म्हणजे ज्यात देवनागरी बसतच नाही अशा अक्षरसंचाचं. बिनलॉग (मुख्य सर्व्हरची बदलांची नोंदवही, जी वाचून रेप्लिका नक्कल करते) स्टेटमेंट फॉरमॅटमध्ये होता: त्यात बदललेल्या ओळी नाही, तर आज्ञाच नोंदली जाते. म्हणजे रेप्लिका तीच फाईल पुन्हा स्वतःच्या टेबलात भरत होती. चुकीचा डेटा नाकारणारा स्ट्रिक्ट मोड बंद, त्यामुळे एरर न येता नुसतं '?' भरलं गेलं.

काट्यावरचा ग्रेडर गाडीतला वरचा कापूस पाहून भाव सांगत नाही, हात खालपर्यंत घालून कवडी आणि ओल तपासतो. लोडही तसाच तपासा. मी चाळीसेक ओळींची एक मुद्दाम वाईट फाईल ठेवतो: जोडाक्षरांची नावं, नावात स्वल्पविराम, रिकामा रकाना आणि नल (किंमतच नसणं) शेजारीशेजारी, डुप्लिकेट की (दोन ओळींना एकच ओळख-क्रमांक), विंडोजमधून आलेल्या ओळींचे शेवट, एक इमोजी. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, बहुतेक इमोजी 4, त्यामुळे जुन्या 3 बाइटांच्या यूटीएफ-८ टेबलाचा दोष इमोजीच उघडा पाडतो. मग दोन्हीकडची टेबलची व्याख्या ताडून पाहायची आणि 'चेकसम टेबल' चालवायचं; ते टेबलातल्या सगळ्या डेटावरून एक पडताळणीचा आकडा काढतं. मायएसक्यूएलची आवृत्ती आणि टेबलचा रो फॉरमॅट (ओळी साठवायची पद्धत) सारखे असतील तरच तो आकडा ग्राह्य धरा. मोठ्या टेबलांना पर्कोना टूलकिटमधलं चेकसमचं साधन बरं.

बिनलॉग रो फॉरमॅटवर ठेवा, म्हणजे आज्ञेऐवजी बदललेल्या ओळीच नोंदल्या जातात. मायएसक्यूएल 5.7.7 पासून तोच डिफॉल्ट आहे, पण जुनी सेटिंग पुढे ओढत आणलेले सर्व्हर गावोगावी सापडतात. स्टेटमेंटवरच राहायचं असेल, तर रेप्लिकाच्या तात्पुरत्या लोड फाईली रीस्टार्टला पुसल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून लोड चालू असताना रेप्लिका मुद्दाम बंद करून पाहणं मी कधीच चुकवत नाही.

आणि लॅग (रेप्लिका किती मागे आहे तो आकडा) शून्य दिसला म्हणून लगेच चेकसम घेऊ नका. मोठा लोड एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांच्या गठ्ठ्यात) असेल, तर कमिट होईपर्यंत, म्हणजे तो पक्का होईपर्यंत, तो बिनलॉगमध्ये येतच नाही. तोवर रेप्लिका शून्यच दाखवते, आणि मग एकदम मागे पडते. मुख्य सर्व्हरवर लोड संपल्यावरचा जीटीआयडी (प्रत्येक ट्रान्झॅक्शनला मिळणारा ओळख-क्रमांक) टिपून घ्या, रेप्लिकाने तो पार केला की मगच ताडा.