चॅपलमध्ये आधी बुधवारी जा

आमच्या गावाच्या कडेला पूर्वी बीट आणि कोबीची शेतं होती, तिथे आता नवी घरं उठताहेत. त्या घरांत राहायला आलेली मराठी मंडळी हमखास विचारतात, "इथे माणसं भेटतात तरी कुठे?" इंग्लंडातल्या लिंकनशायरचं खेडं, बस दोन तासांनी, पोस्ट कधीच बंद झालेलं. माझं उत्तर ठरलेलं: मेथडिस्ट चॅपल, म्हणजे मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचं प्रार्थनाघर. पण पहिल्यांदा रविवारी नको. बुधवारी सकाळी कॉफी मॉर्निंगला जा.

अकरा वर्षांपूर्वी मी गेले ती लेकीला बाबागाडीत घालून, चिंब भिजून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका आजींनी फिक्या हिरव्या कपात चहा दिला आणि कप रिकामा झाल्यावर हातात कोरडं फडकं. बश्या पुसता पुसता जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव कसं नोंदवायचं, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या आठवड्यात बाहेर ठेवायचा, सगळं कळलं. धर्माबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. नंतरही नाही.

रविवारी गेलात आणि दर वेळी वेगळाच माणूस बोलताना दिसला तर गोंधळू नका. एका मिनिस्टरकडे, म्हणजे पाद्र्याकडे, अनेक गावांची चॅपल असतात, त्या सगळ्यांचं मिळून 'सर्किट'. कुठे कोण बोलणार याचं तिमाही वेळापत्रक म्हणजे 'प्लॅन'. मिनिस्टर नसतील तेव्हा बहुतेक वेळा लोकल प्रीचर येतात. रीतसर शिकलेले, पण पोटापाण्याचा उद्योग वेगळा. आपले गावोगाव फिरणारे कीर्तनकारच म्हणा, फक्त बिदागी नाही. गाणं मात्र खणखणीत. चार्ल्स वेस्लीने सहा हजारांवर स्तोत्रं लिहून ठेवलीत, तेव्हा तुटवडा नाही. प्रभुभोजनाला छोट्या पेल्यांतून बिनदारूचा द्राक्षरस देतात. ख्रिस्ती नसाल तर जागेवर बसून राहा.

चार्ल्सचा थोरला भाऊ जॉन, या पंथाचा मूळ पुरुष, इथल्याच एप्वर्थचा. १७४२ मध्ये गावच्या चर्चमध्ये त्याला बोलू दिलं नाही, तर तो आवारातल्या वडिलांच्या थडग्यावर उभा राहून बोलला. पुढे पंथाला फाटे फुटले आणि एकाच गावात दोन-दोन चॅपल झाली. १९३२ मध्ये मोठ्या शाखा एकत्र आल्या. आमच्या गल्लीत कमानदार खिडक्यांचं एक घर आहे ना, ते त्या जोडीच्या चॅपलांतलंच एक.

आता चॅपलचा हॉल. बारशाला, वाढदिवसाला सहसा मिळतो, भाडंही परवडतं. दारू मात्र चालत नाही, शॅम्पेनची एक बाटलीसुद्धा नाही. गणपतीसाठी मागू नका. दुसऱ्या धर्माची पूजा त्यांच्या वास्तूत नियमात बसत नाही, आणि नाही म्हणताना त्या बिचाऱ्यांचाच जीव अर्धा होतो. त्यासाठी गावाचा व्हिलेज हॉल आहे. शरद ऋतूतल्या हार्वेस्टला, म्हणजे सुगीच्या प्रार्थनेला, मात्र जरूर या, फूड बँकेसाठी डाळीचे-टोमॅटोचे डबे घेऊन.

एकत्र जेवण असेल तेव्हा पोहे नेले तरी हरकत नाही, पण ॲलर्जी असणाऱ्यांसाठी 'शेंगदाणे आहेत' अशी चिठ्ठी लावा. मी लावली नव्हती. सगळं भांडं झाकून बाजूला ठेवावं लागलं आणि घरी आम्ही दोन दिवस पोहेच खाल्ले.

फडकी धुवायला घरी न्यायच्या पाळ्या लावलेल्या असतात. यादी फ्रिजवर आहे. मार्चमधल्या दोन जागा अजून रिकाम्या आहेत.