मृगबागेचा युरिया तापीत वाहू देऊ नका

मृगबागेतील, म्हणजे जून-जुलैत लावलेल्या, केळीला आणि कपाशीला वरखत (उभ्या पिकाला द्यायचे खत) देण्याचे दिवस व पावसाचा जोर हे खान्देशात दरवर्षी एकाच वेळी येतात. युरियाच्या गोण्या हाती आल्या, की अंदाज न पाहता खत टाकून मोकळे होण्याची घाई समजण्यासारखी आहे. पण मोठ्या पावसाआधी टाकलेल्या युरियातील नत्राचा (नायट्रोजनचा) बराचसा भाग पिकाला लागतच नाही.

युरियाचे जमिनीत काही दिवसांतच अमोनियम होते आणि पुढच्या एक ते तीन आठवड्यांत त्याचे नायट्रेट बनते. काळी माती अमोनियम धरून ठेवते, नायट्रेट मात्र धरत नाही, त्यामुळे ते पाण्याबरोबर विहिरीच्या झऱ्यांत किंवा नाल्यात उतरते. नाल्यातून सुकी, वाघूर, गिरणा, पांझरा आणि तेथून तापी असा त्याचा प्रवास होतो. हतनूर, प्रकाशा आणि उकाईमागे काही नत्र अडते. उरलेले सुरतेवरून खंबातच्या आखाताकडे जाते.

किनाऱ्याच्या पाण्यात नत्र वाढले की सूक्ष्म शेवाळ फोफावते, मरून तळाशी बसते आणि ते कुजवणारे जिवाणू पाण्यातील प्राणवायू वापरून टाकतात. नदीचे गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर थर धरते, म्हणून वरचा प्राणवायू तळापर्यंत पोहोचत नाही. लिटरमागे २ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्राणवायू राहिला, की मासे तेथून निघून जातात आणि ज्यांना हलता येत नाही असे शिंपल्यांसारखे जीव मरतात. अमेरिकेत मिसिसिपी नदी दूरच्या मक्याच्या पट्ट्यातील नत्र मेक्सिकोच्या आखातात नेते. तेथे २०१७ मध्ये असे क्षेत्र सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरले, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांच्या एकत्रित क्षेत्रापेक्षा थोडेच कमी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात आणि त्यानंतर खोल समुद्रातील कमी प्राणवायूचे पाणी नैसर्गिकरीत्याच वर येते आणि शहरांचे सांडपाणीही नत्र आणते, त्यामुळे सगळा दोष शेतीवर टाकणे न्यायाचे होणार नाही. तरीही आपल्या बांधावरून जाणारे नत्र थांबवणे आपल्याच हाती आहे, आणि त्यासाठी आपण पैसे मोजलेले असतात.

केळीच्या हिशेबावरून हे स्पष्ट होते. जमिनीतून खत देताना झाडाला २०० ग्रॅम नत्राची, म्हणजे सुमारे ४३५ ग्रॅम युरियाची शिफारस आहे. ही मात्रा लागवडीनंतर ३०, ७५, १२० आणि १६५ दिवसांनी प्रत्येकी ८२ ग्रॅम आणि २१०, २५५ व ३०० दिवसांनी प्रत्येकी ३६ ग्रॅम युरिया अशी विभागावी. ठिबकमधून दर आठवड्याला विद्राव्य खते दिल्यास ७५ टक्के मात्रा पुरते. त्या वेळापत्रकात मोनो अमोनियम फॉस्फेट या नत्र असलेल्या खतासोबत झाडाला सुमारे ३०० ग्रॅम युरिया लागतो. हजार झाडांमागे युरियाच्या ४५ किलोच्या तीन गोण्या वाचतात. पावसामुळे संच बंद असेल, तर राहिलेले हप्ते एकदम देऊ नयेत.

कोरडवाहू कपाशीत मात्र वाफसा, म्हणजे जमिनीत मशागतीजोगी ओल असण्याची स्थिती, हाच खरा मार्गदर्शक आहे. हवामान विभागाने पुढील दोन-तीन दिवसांत जोरदार पावसाचा इशारा दिला असेल, तर वरखत थांबवावे. पाऊस ओसरून वाफसा आल्यावर ते ओळीलगत द्यावे आणि कोळप्याने लगेच मातीआड करावे. चुनखडीयुक्त जमिनीत उघड्यावर पडलेल्या युरियातील नत्र अमोनिया होऊन हवेत उडते, म्हणून मातीआड करण्याचे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

नाल्याच्या काठी शेणखताचा उकिरडा ठेवू नये, आणि काठाचा पट्टा न नांगरता तेथे गवत राखावे.

विहिरीच्या पाण्याची नायट्रेट तपासणी अवश्य करून घ्यावी. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि त्यापुढचे पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात वापरणे धोक्याचे असते. अशाच ४५ मिलिग्रॅमच्या पाण्याने सिंचन केले, तर दर १० लाख लिटरमागे सुमारे १० किलो नत्र पिकाला आपोआप मिळते. त्यामुळे तपासणीचा अहवाल सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) दाखवून तेवढा, म्हणजे साधारण अर्धी गोणी, युरिया पुढच्या हप्त्यांतून कमी करावा.