नौकाविहाराच्या तळ्याची मातीची पाळ कशी तपासावी

कृषी पर्यटन केंद्राच्या, फार्महाउसच्या किंवा गृहसंकुलाच्या आवारात मातीची पाळ, म्हणजे बांध घालून ओढा अडवून नौकाविहारासाठी तळे करण्याची पद्धत आता चांगलीच रूढ झाली आहे. धरण सुरक्षा अधिनियम, 2021 हा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना आणि ठरावीक अटींत बसणाऱ्या 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो; त्याहून बुटकी पाळ त्याच्या कक्षेत येत नाही. म्हणून तिची जबाबदारी मालकाने स्वतःची मानावी, आणि खालच्या अंगाला ओढ्याकाठी घरे, गोठे किंवा रस्ता असेल तर अनुभवी स्थापत्य अभियंत्याकडून दरवर्षी पाहणी करून घ्यावी.

मे महिन्यात पाणी उतरलेले असताना भेगा आणि वरच्या, म्हणजे पाण्याकडच्या उताराची झीज दिसते, तर तळे काठोकाठ भरलेले असताना गळती दिसते; त्यामुळे दोन्ही वेळा पाळ पायी फिरून पाहणे आवश्यक आहे. मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आणखी एक फेरी मारावी.

सुरुवात सांडव्यापासून, म्हणजे तळ्यातले जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेपासून करावी. मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागले की खालचा, म्हणजे पाण्याच्या विरुद्ध बाजूचा उतार कोरला जातो आणि काही तासांतच पाळ फुटू शकते. करमणुकीच्या तळ्यात नेमका सांडवाच बिघडवला जातो, कारण उन्हाळाभर होड्या चालाव्यात म्हणून त्याच्या उंबऱ्यावर वाळूच्या गोण्या किंवा फळ्या रचल्या जातात आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून तोंडाशी जाळी ठोकली जाते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील साउथ फोर्क धरण मासेमारी आणि शिकारीची हौस असणाऱ्या धनिकांच्या एका क्लबच्या ताब्यात होते. तेथे घोडागाड्यांना माथ्यावरून जाता यावे म्हणून माथा खाली उतरवलेला होता, सांडव्यात माशांसाठी जाळ्या होत्या, आणि तळातून पाणी सोडण्याचे नळ आधीच्या मालकाने काढून टाकल्यावर पुन्हा कधीच बसवले गेले नव्हते. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत त्या जाळ्यांत पालापाचोळा आणि लाकडे अडकली, पाणी माथ्यावरून गेले आणि खालच्या जॉन्सटाउन शहरात 2,200 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. म्हणून सांडव्यात गोण्या, फळ्या, जाळी, तात्पुरता पूल, झुडूप यांपैकी काहीही आढळले तर ते पावसाळ्यापूर्वी हटवलेच पाहिजे. माशांपायी पाळ धोक्यात घालणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

त्यानंतर माथा पाहावा. एका टोकाला उभे राहून नजर सरळ लावली तर खचलेला भाग ओळखू येतो; गवंडी वापरतात त्या पारदर्शक लेव्हल नळीने प्रत्येक दहा मीटरवर उंची ताडून पाहिल्यास खात्री होते. पुराचे पाणी सर्वात सखल जागेवरूनच जाणार असल्याने असा खळगा मुरूम दबाई करून भरून घ्यावा. भेगांपैकी आडवी, म्हणजे वरच्या अंगाकडून खालच्या अंगाकडे जाणारी भेग अधिक घातक, कारण तिच्यातून पाण्याला थेट वाट मिळते. लांबीच्या दिशेने जाणारी भेग कमानीसारखी वळलेली असून तिच्या खालचा भाग उतरलेला असेल, तर उतार घसरू लागला आहे असे समजावे. भेगेच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून तारीख लिहावी, पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद घालावा आणि अभियंत्याला बोलवावे. काळ्या मातीच्या पाळीला उन्हाळ्यात बारीक भेगा पडतातच, परंतु त्यांची खोलीही सळई घालून मोजावी.

खालच्या उतारावर हिरवळ लावून तुषार सिंचन केलेले असेल तर पाहणीआधी तीन-चार दिवस ते बंद ठेवावे, अन्यथा पाझर आणि शिंपलेले पाणी यांतील फरक कळत नाही. कोरड्या गवतात एखादाच हिरवागार पट्टा किंवा पायाखाली मऊ लागणारी जमीन दिसली की तेथे थांबावे. पाणी वाहत असेल तर काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवावे. स्वच्छ आणि स्थिर प्रमाणातील पाझर बहुतेक पाळींना असतोच, मात्र बरणीच्या तळाशी गाळ बसला तर पाळीची माती आतून वाहून जात आहे आणि हे संकटाचे लक्षण आहे. बादली भरण्यास किती सेकंद लागतात हे तळ्याच्या पातळीसह वहीत नोंदवावे. पातळी तीच असताना बादली लवकर भरू लागली तर पाझर वाढला आहे. 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलेल्या चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणाच्या गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या.

पाळीवर झाडे नकोत, मग ती कितीही शोभिवंत असोत. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील केली बार्न्स या लहान धरणाच्या खालच्या उतारावर दाट झाडी होती. तो उतार एकदा घसरलाही होता, आणि 6 नोव्हेंबर 1977 रोजी ते फुटून 39 जण दगावले. बाभळीची, सुबाभळीची रोपे मुळासकट उपटावीत. मोठे झाड मात्र परस्पर तोडू नये, कारण कुजणारी मुळे मागे पोकळ वाटा ठेवतात. घुशी आणि खेकड्यांची बिळे खणून थराथराने दाबत भरावीत. मोटारबोटींच्या लाटांनी वरच्या उताराचे दगडी पिचिंग (दगडांचे अस्तर) उचकटते, तेही दरवर्षी बसवून घ्यावे.

तळातून जाणारा नळ असल्यास त्याची झडप वर्षातून एकदा उघडून पाहावी. नळाच्या बाहेरच्या बाजूने पाणी येणे किंवा त्याच्या रेषेवर खड्डा पडणे हे दोन्ही गंभीर आहे.

गळतीतून गढूळ पाणी येऊ लागले तर पहिले काम खालच्या वस्तीला, पोलीस पाटलांना आणि तहसील कार्यालयाला कळवण्याचे आहे. त्यानंतर नळ किंवा पंपाने पातळी उतरवावी, पण धोका अगदी तोंडावर नसेल तर दिवसाला सुमारे 30 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, कारण पाणी झपाट्याने उतरल्यास भिजलेला वरचा उतार घसरतो. गळतीचे तोंड चिकणमातीने बुजवू नये. त्यावर आधी जाड वाळू, मग खडी आणि मग दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती अडते. घाईने जेसीबी लावून पाळ कापण्याचा विचार अभियंत्याशिवाय कोणीही करू नये.