तबला शिकताय? मग लेहरा धरणारा मित्र शोधा

तबला नव्याने शिकणाऱ्या पोरापोरींना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की तुमच्यासाठी लेहरा कोण धरतं? बहुतेक जण सांगतात, अ‍ॅप. अ‍ॅप चांगलंच आहे, लय सेट केली की तासभर हलत नाही, रोजच्या रियाजाला वापराच. पण पहिल्या एक-दोन वर्षांतच हार्मोनियम वाजवणारा एखादा मित्र किंवा मैत्रीण शोधा असं अगदी कळकळीने सांगेन, कारण माझा हात आणि माझी जवळची माणसं, दोन्ही त्यातूनच तयार झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनात, तीनताल असेल तर 16 मात्रांत, बसवलेली छोटी धून. ती परत परत वाजत राहते आणि तिच्यावरून आपल्याला कळतं की आपण कुठे आहोत, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कधी येणार. आता विचार करा, समोरचा माणूस अर्धा अर्धा तास तीच धून वाजवतोय, त्याला त्यात स्वतःचं काही दाखवायला मिळत नाही, तुमचा तुकडा, म्हणजे तबल्याच्या बोलांची छोटी बांधलेली रचना, समेवर येतोय का एवढंच तो बघतोय. तुम्ही चुकलात तरी तो थांबत नाही, पुढची सम तुम्ही पकडायची. आणि तुकडा नेमका समेवर पडला की तो जी मान हलवतो ना, तेवढ्यासाठी माणूस परत बसून तोच तुकडा घोटायला तयार होतो. इतक्या धीराने आपलं ऐकणारी माणसं आयुष्यात फार कमी भेटतात.

याची परतफेड ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले मूळ बोल, धरून करायची. मित्राला बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं रागगायन, बसवायचा असेल तर नुसता विलंबित एकताल धरा. अतिविलंबितात एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची असते, मधल्या जागेत हात शिवशिवतात, काहीतरी भरावंसं वाटतं. भरू नका, ती जागा गाणाऱ्याची आहे. माझ्या मते कायद्यांपेक्षा (म्हणजे तबल्यावर विस्तार करून वाजवायच्या ठरलेल्या रचनांपेक्षा) इथे जास्त शिकायला मिळतं.

पट्टीचं, म्हणजे मित्र कुठल्या सुराला सा धरून गाणार हे, आधी विचारून घ्या. मुलं बऱ्याचदा काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास गातात, मुली काळी चार-पाचच्या, आणि एकच तबला दोन्हीकडे चालत नाही, तोंडाच्या मापावर त्याची पट्टी ठरते. आमच्यात तबल्यांची सतत अदलाबदल चालायची, त्यातच निम्म्या ओळखी झाल्या.

व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायचा प्रयत्न सगळेच करतात, आणि ते जमत नाही. आवाज पोचायला 30 मिलिसेकंदांच्या आसपास उशीर झाला तरी लय ओढली जायला लागते, साध्या कॉलवर तर उशीर त्याहून बराच जास्त असतो. त्यापेक्षा मित्राकडून दोन-तीन लयींत लेहरा रेकॉर्ड करून मागवा.

कामंसुद्धा सुरुवातीला अशीच येतात, कुणाला तरी साथीला माणूस हवा असतो आणि मित्र तुमचं नाव सुचवतो. कथकच्या क्लासचं बोलावणं आलं तर जरूर जा, फक्त पढंतची सवय करून जा, कारण तिथे नाचणारे आधी बोल म्हणून दाखवतात आणि ते तुम्हाला लगेच हातातून काढावे लागतात.