लँगफर्डच्या जोड्या बॅकट्रॅकिंगने सोडवताय? या चुका टाळा

१, १, २, २, ३, ३ हे सहा आकडे एका ओळीत मांडायचे. अट एवढीच की दोन १ च्या मध्ये एक आकडा, दोन २ च्या मध्ये दोन आणि दोन ३ च्या मध्ये तीन आकडे यायला हवेत. उत्तर २३१२१३. स्कॉटिश गणिती डडली लँगफर्ड यांना हे कोडं आपल्या लहान मुलाचे रंगीत ठोकळे बघताना सुचलं आणि १९५८ मध्ये त्यांनी ते छापलं. बॅकट्रॅकिंग (एकेक पर्याय भरत जायचं, अडलं की मागे येऊन दुसरा बघायचा) शिकायला मला हे, बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर एकमेकांना मारणार नाहीत असे ठेवायच्या कोड्यापेक्षा बरं वाटतं, कारण इथे चुकलेला प्रोग्रॅमसुद्धा बिनबोभाट चालतो आणि चुकीचा आकडा हातात ठेवतो.

रीत सरळ आहे. सगळ्यात मोठा आकडा आधी घ्या, डावीकडून त्याच्या जोडीला बसतील अशा मोकळ्या जागा शोधा, भरा, पुढच्या आकड्यासाठी तेच फंक्शन बोलवा आणि परत आलात की दोन्ही जागा पुसा.

त्या ‘दोन्ही’वरच घोडं अडतं. पुष्कळ जण डावी जागा पुसतात आणि उजवी तशीच राहते. ३ साठी, म्हणजे १ ते ३ च्या जोड्यांसाठी, असा प्रोग्रॅम चालवला तर एक उत्तर येतं, ३१२१३२. कोणत्या आकड्यापर्यंत किती उत्तरं याच्या कोष्टकातही ३ पुढे १ च लिहिलेलं असतं, मग आपण खूश! पण कोष्टकात उलटसुलट मांडणी एकच धरतात. साध्या प्रोग्रॅमने दोन्ही मोजायला हवीत, म्हणजे यायला हवं होतं २. हाच प्रोग्रॅम ४ वर चालवा, शून्य येईल. तिथेही २ यायला हवेत: ४१३१२४३२ आणि त्याचं उलटं. म्हणून नुसत्या ३ वर तपासून थांबू नका.

दुसरी चूक अंतराची. मध्ये तीन आकडे हवेत म्हणजे दुसरी जागा चार पावलं पुढे, तीन नव्हे. हे जास्तीचं एक पाऊल विसरलात तर तुम्ही नकळत वेगळंच कोडं सोडवता, नॉर्वेच्या स्कोलेम यांच्या नावाने ओळखलं जाणारं. ओळखायची खूण सोपी आहे: ३ ला एकही उत्तर नाही आणि ५ ला मात्र दहा.

खऱ्या कोड्यात ५ ला उत्तरच नाही. मी यापायी एक अख्खी संध्याकाळ नसलेला बग शोधण्यात घालवली आहे. नंतर कागदावर मांडलं. सगळ्यात मोठ्या आकड्याला ‘न’ म्हणा आणि जागांना १ पासून २न पर्यंत क्रमांक द्या. सगळ्या क्रमांकांची बेरीज न(२न+१). प्रत्येक जोडीची उजवी जागा डावीपेक्षा ‘आकडा अधिक एक’ने पुढे. यावरून डाव्या जागांची बेरीज न(३न−१)/४ निघते. ५ साठी ती १७.५, ६ साठी २५.५. जागा अर्धी कशी असेल? न ला ४ ने भागून बाकी ० किंवा ३ उरत असेल तरच शोध सुरू करा.

उत्तरांची संख्या बरोबर, पण छापल्यावर सगळीकडे शून्यंच? पायथॉनमध्ये तुम्ही तीच लिस्ट पुन्हापुन्हा साठवली आहे, आणि मागे येताना ती पुसली गेली. साठवताना कॉपी करा. आणि संख्या कायम १ च येत असेल, तर पहिलं उत्तर सापडताच तुम्ही फंक्शनमधून बाहेर पडताय.

उलटी उत्तरं गाळायची असतील तर सगळ्यात मोठा आकडा डाव्या अर्ध्या जागांवरच ठेवून बघतात. न विषम असेल तर हे चालतं. सम असेल तर त्या आकड्याला नेमकी मधली एक जागा मिळते, आणि तिथली मांडणी उलटीसकट दोनदा मोजली जाते. अशा वेळी हे बंधन न ऐवजी न−१ ला घाला. मग ताडून बघा: ७ ला २६, ८ ला १५०, ११ ला १७,७९२.