रॅमच्या क्रूमध्ये जाताय? सातच्या आत टाकी भरा

भाच्याने मला क्रूमध्ये, म्हणजे सायकलस्वारामागे गाडीतून जाणाऱ्या मदतनीसांमध्ये, घेतलं ते खिचडीसाठी. तिसऱ्या दिवशी मी नकाशा धरून बसले होते.

रॅम म्हणजे रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत, कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. एकट्या स्वाराला बारा दिवस, आणि तो झोपला तरी घड्याळ चालूच. २०१५ मध्ये आमच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती पूर्ण केली. तेव्हापासून भाच्याच्या डोक्यात हेच.

आधी रात्रीचा नियम पाठ करा. संध्याकाळी सात ते सकाळी सात सायकल मागच्या गाडीच्या उजेडातच चालते. गाडी थांबली की स्वारही थांबला. म्हणून पेट्रोल, बर्फ, ड्रायव्हरची बदली, स्वतःचं बाथरूम, सगळं साडेसहापर्यंत उरका. कॅन्ससमध्ये आम्ही पाव टाकीवर निघालो. रात्री दोनला भाचा पंपाच्या पायरीवर वीस मिनिटं बसला. झोपला असता तर चाललं असतं. जागाच होता, माझ्याकडे बघत.

वळण चुकलं तर जिथून चुकलं तिथे परत यावं लागतं. म्हणून वळण यायच्या आधीच दोनदा सांगा, मोठ्याने: 'पुढे उजवीकडे.' पेंगणाऱ्या माणसाला यापेक्षा जास्त कळत नाही. आणि आपली झोपेची पाळी आली की झोपा, बाहेर मॉन्युमेंट व्हॅली का असेना. मी लाल खडकांचे फोटो काढत बसले, त्या रात्रीचं चुकीचं वळण माझंच.

आता खिचडी. घरचा विजेचा कुकर नेऊ नका. तिथली वीज १२० व्होल्टची, तो नुसता कोमट होतो. पहिल्या दिवशी बोरेगो स्प्रिंग्जच्या वाळवंटात खिचडीचा डबा जसाच्या तसा परत आला. तिथे बर्फच लागतो. बायकांच्या लांब पातळ मोज्यात बर्फ भरा, गाठ मारा, मानेवर टाका. खिचडीला मान मिळाला तो वुल्फ क्रीक पासवर, ३,३०० मीटरवरच्या थंडीत. मुगाची, पातळ, मीठ जरा चढं, तूप बेताचं, एका हाताने मगातून पिता येईल अशी.

दर तासाला वहीत लिहा: पाणी किती, खाल्लं काय, लघवी कधी. लाजायचं नाही. बोलणंही टिपा, कारण गप्प झालेला स्वार धोक्याचा. माझ्या वहीत पाचव्या रात्रीची नोंद आहे: 'खिचडी अर्धा मग. मीठ कमी म्हणून ओरडला. ठीक आहे.'