घराचं व्हॅल्युएशन: आधी कारण आणि तारीख सांगा

आमचा ठाण्यात नौपाड्यातला वडिलांचा फ्लॅट विकायला काढला, तेव्हा मी व्हॅल्युअरला एवढंच म्हटलं, "किंमत काढून द्या." रिपोर्ट आला, त्यात आजचा भाव. सीएंनी तो तसाच परत केला. त्यांना हवा होता 1 एप्रिल 2001चा.

वडिलांनी घर घेतलं 1986 साली. वारशाने मिळालेल्या घराला करासाठी वडिलांचीच खरेदी धरतात, आणि ती 1 एप्रिल 2001च्या आधीची असेल तर भांडवली नफा, म्हणजे विक्रीवरचा नफा, काढताना 1 एप्रिल 2001चा बाजारभाव मूळ किंमत म्हणून धरता येतो. त्या दिवसाचं मुद्रांक शुल्काचं मूल्यांकन उपलब्ध असेल, तर मात्र त्याच्या वर जाता येत नाही. म्हणून फोनवरच कारण सांगा. भावंडांत वाटणी असेल तर आजचा भाव लागतो. विम्याला जमीन धरत नाहीत, इमारत पुन्हा बांधायचा खर्च धरतात.

मग माणूस निवडा. कराच्या कामाला आयकर खात्याकडे नोंदलेला व्हॅल्युअर घ्या. गृहकर्जाला बँक सहसा आपल्या पॅनलवरचाच पाठवते, तिथे आधी स्वतःचे पैसे घालवू नका.

कागद काढून ठेवा: खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती. घर वाशी-नेरुळकडचं असेल तर सिडकोचा भाडेपट्टाही. तिथली बरीचशी जमीन 60 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहे, त्यामुळे किती वर्षं उरलीत आणि हस्तांतरण तुमच्या नावावर नोंदलंय का, हे विचारलं जातंच.

पाहणीच्या दिवशी स्वतः घरी थांबा. आमच्याकडे आलेल्या बाईंनी लेझर मीटर भिंतीला टेकवून खोली न् खोली मोजली, हॉलमध्ये घेतलेल्या बाल्कनीशी थबकल्या आणि नकाशा मागितला. नकाशात नसलेली वाढीव जागा त्यांनी किमतीत धरली नाही, आणि ते बरोबरच होतं. छताची गळती, सळई दिसणारा खांब लपवू नका. पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर सोसायटीच्या ठरावाची प्रत द्या.

रिपोर्ट हातात आला की शेवटचा आकडा नंतर बघा. कारण, मूल्यांकनाची तारीख आणि क्षेत्रफळ कार्पेट (आतली वापरायची जागा) की बिल्टअप (भिंतींसकट), हे आधी वाचा. कार्पेटला बिल्टअपचा दर लावला असेल तर किंमत कमी निघते. तुलनेला घेतलेले व्यवहार त्याच भागातले, त्याच काळातले आणि तेवढ्याच जुन्या इमारतींतले आहेत ना, तेही तपासा. घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरचा दर आमच्या लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याला लागू होत नाही. काही खटकलं तर सही-शिक्क्याची प्रत घेण्याआधीच विचारा.